डोंगर उतरून थेट समुद्रात: अशा शहरातला शनिवार-रविवार कसा आखावा

सपाट शहरात फिरताना किलोमीटर मोजले की काम भागतं. जिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात तिथे हा हिशेब फसतो. नकाशावर बोटभर लांब दिसणारा किनारा मध्ये टेकडी आडवी आल्यामुळे तासाभराचा वळसा घेऊन गाठावा लागतो. दुपारी दोनला जिथे वाळूत बसायचं ठरवलेलं असतं तिथे नेमकं दोनला गुडघाभर पाणी असतं. विशाखापट्टणम, हाँगकाँग, वेलिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, चिलीतलं व्हालपारायसो, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. पण पहिल्यांदा जाणाऱ्याची फजिती सगळीकडे साधारण सारखीच होते: यादी लांबलचक आणि शनिवारी दुपारीच पिंढऱ्या भरलेल्या.

म्हणून आखणी ठिकाणांपासून सुरू करू नका. आधी भरती-ओहोटीच्या वेळा आणि चढाची उंची कागदावर मांडा, मग ठिकाणं त्यात बसवा. दुसरं, दिवसातून एकदाच वर चढा, तेही शक्यतो यंत्राच्या जिवावर. उरलेला दिवस उतारावर काढा. पुढचं सगळं या दोन गोष्टींचाच विस्तार आहे.

तिकीट काढण्याआधी तिथी बघा

तारीख ठरवताना आपण सुट्टी बघतो, तिकिटं बघतो. त्याच वेळी अमावास्या-पौर्णिमाही बघून घ्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेलीच असते. या तिथींच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवस नंतर, उधाणाची भरती येते. पाणी एरवीपेक्षा जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त आतही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. खडकांतली डबकी, उघडे पडणारे पट्टे, शिंपले बघायचे असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम. लहान मुलं बरोबर असतील आणि निवांत वाळूत बसायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचा शनिवार बरा.

नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधा. हवामानाच्या बऱ्याच ॲपमध्ये ते मिळतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून रोजची वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारी सकाळी नऊला पूर्ण ओहोटी असेल तर रविवारी ती दहाच्या आसपास. सगळीकडे हे चालत नाही. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, आणि भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी वीतभरच वर-खाली होतं. तिथे ही डोकेदुखी सोडून द्या.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे मात्र कायम लक्षात असू द्या. खलाशांचा जुना ठोकताळा असा: सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी आत येतं. पहिला तास बघून ‘हळूहळू येतंय की’ म्हणत कड्याखालच्या वाळूत बसून राहिलेली मंडळी इथेच अडकतात. अशा किनाऱ्यावर पाणी उतरत असताना जा आणि पूर्ण ओहोटी होऊन गेली की परत फिरा.

मोसमाचंही तसंच. सॅन फ्रान्सिस्कोत जून ते ऑगस्ट हा कागदोपत्री उन्हाळा, पण किनाऱ्यालगतचं पाणी थंड असल्याने समुद्रावरून धुकं आत येतं आणि शहराचा पश्चिमेकडचा भाग दिवसचे दिवस करड्या पडद्याआड जातो. ऊबदार आणि निरभ्र दिवस हवे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर. बंगालच्या उपसागरावर मात्र तेच ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचे. 2014 च्या ऑक्टोबरात हुदहुद थेट विशाखापट्टणमवर धडकलं होतं. हाँगकाँगला वादळाचा 8 क्रमांकाचा इशारा लागला की बोटी बंद होतात आणि बहुतेक शहर आवरतं घेतलं जातं. अशा मोसमात जायचंच असेल तर रद्द करता येणारं बुकिंग करा, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

नकाशा झोपलेला असतो, त्याला उभा करा

फोनवरच्या नकाशात भूभागाचा थर चालू केला की समोच्च रेषा दिसतात. रेषा जिथे दाटीवाटीने आहेत तिथे चढ उभा, जिथे विरळ आहेत तिथे चालायला सुख. पाहिजे ती ठिकाणं खुणेने टाका आणि प्रत्येकापुढे समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. एवढं केलं तरी निम्मी आखणी आपोआप होते. 20 मीटरवरचं संग्रहालय आणि 25 मीटरवरचा बाजार एका सकाळीत बसतात. पण त्यांच्यामध्ये 140 मीटरवरचं देऊळ घुसवलंत तर ती सकाळ त्या देवळाचीच.

चालायला लागणाऱ्या वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला सुमारे 5 किलोमीटर, आणि वर चढायच्या दर 100 मीटरला 10 मिनिटं जादा. दीड किलोमीटर चालायचं आहे आणि 150 मीटर चढायचं आहे, तर 18 अधिक 15, म्हणजे 33 मिनिटं. हा झाला धडधाकट माणसाचा वेळ. फोटो काढत, धापा टाकत, रस्ता विचारत जाणाऱ्याने त्याच्या दीडपट धरावा. आई-वडील बरोबर असतील तर दुप्पट धरा आणि वाटेत टेकायला बाक कुठे आहेत ते आधी बघा.

चढाचे आकडे टक्क्यांत दिसले तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. 10 टक्के म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 10 मीटर वर. बोलता बोलता जमतं. 20 च्या पुढे बोलणं थांबतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिल्बर्ट स्ट्रीटचा एक टप्पा 31.5 टक्के आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातली बाल्डविन स्ट्रीट सुमारे 35 टक्के. तिचा जगातला सर्वांत उभा रस्ता हा मान 2019 मध्ये वेल्समधल्या एका गल्लीने पळवला होता, तो 2020 मध्ये मोजणीची पद्धत बदलल्यावर परत मिळाला. असे रस्ते बघायला जावं, पण बॅगा घेऊन नव्हे.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टेकडीपलीकडचा किनारा. विशाखापट्टणमला डॉल्फिन्स नोजच्या डोंगरापलीकडे याराडा किनारा आहे. बंदराच्या बाजूने नकाशात तो हाकेच्या अंतरावर वाटतो, पण वाट घाटाने वर चढून पलीकडे उतरते. अशा ठिकाणासाठी अर्धा दिवस द्यायचा असेल तरच जा. ‘जाता जाता उरकू’ या सदरात ते बसत नाही.

मुक्काम: दृश्य की पाय?

खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण दोन रात्रींच्या सहलीत तुम्ही खोलीत असता ते बहुतेक अंधारात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाताय तर खाली, सपाट पट्ट्यात, बस किंवा मेट्रोच्या थांब्याजवळ राहा. व्हालपारायसोत बंदरालगतचा अरुंद सपाट पट्टा आणि त्याच्या पाठीशी उभ्या टेकड्या अशी सरळ विभागणीच आहे. टेकडीवर राहिलात तर प्रत्येक छोट्या कामासाठी एक उतार आणि एक चढ तुमच्या खात्यावर जमा होतो. सकाळी खोलीत टोपी विसरली तर ती विसरलेलीच बरी.

तरीही वर राहायचं असेल तर बुकिंग करण्याआधी यजमानाला तीन प्रश्न विचारा. गाडी दारापर्यंत येते का, की रस्ता संपल्यावर पायऱ्या आहेत? पायऱ्या असतील तर किती? आणि खोली रस्त्याच्या पातळीवर आहे, की वर किंवा खाली? तिसरा प्रश्न वेडगळ वाटेल, पण उतारावरच्या इमारतींचं दार कधी कधी वरच्या रस्त्याला, मधल्याच मजल्यावर असतं आणि ‘तळमजल्यावरच्या’ खोलीसाठी तिथून चार जिने खाली उतरावे लागतात. जुन्या पाहुण्यांच्या अभिप्रायांत ‘पायऱ्या’, ‘चढ’, ‘टॅक्सी’ हे शब्द शोधा. जागेच्या वर्णनात जे मुद्दाम गाळलेलं असतं ते तिथे सापडतं. चाकांची बॅग फरसबंदीच्या चढावर ओढणं म्हणजे हट्टी बकरं ओढत नेण्यासारखं, त्यामुळे पाठीवरची सॅक घ्या.

वर न्यायला काय आहे?

डोंगराळ शहरांनी चढाचा प्रश्न आपापल्या परीने सोडवलेला असतो. ही साधनं पर्यटकांची मौज म्हणून बाजूला ठेवू नका, दिवसाचा कणा म्हणून वापरा. सॅन फ्रान्सिस्कोत 1873 मध्ये रस्त्याखालून सतत फिरणाऱ्या तारेला पकडून चालणाऱ्या केबल कार सुरू झाल्या. हाँगकाँगची पीक ट्राम 1888 ची आणि वेलिंग्टनची केबल कार 1902 ची, या दोन्ही तारेने ओढल्या जाणाऱ्या. व्हालपारायसोत अशा तिरक्या लिफ्ट 1883 पासून आहेत. विशाखापट्टणमला कैलासगिरीवर रोपवे जातो.

प्रत्येकाच्या बाबतीत आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, ते या आठवड्यात चालू आहे का. व्हालपारायसोच्या लिफ्टपैकी काही बऱ्याचदा दुरुस्तीसाठी बंद असतात. रोपवे जोराच्या वाऱ्यात थांबवतात, वार्षिक देखभालीसाठीही काही दिवस बंद ठेवतात. दुसरी, कुठल्या दिशेने. हाँगकाँगमध्ये सेंट्रलपासून मिड-लेव्हल्सपर्यंत सरकत्या जिन्यांची सुमारे 800 मीटर लांबीची मालिका आहे, 1993 पासून. सकाळी 6 ते 10 ती खाली उतरते, कारण त्या वेळी वर राहणारी माणसं कामाला निघालेली असतात. दहानंतर मध्यरात्रीपर्यंत वर चढते. साडेआठला उत्साहाने वर निघालात तर शेजारच्या पायऱ्या आणि तुम्ही.

उतरणं फुकट नसतं, हेही सांगायला हवं. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे आणि मांडीचा पुढचा भाग बोलायला लागतो, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून उतरायची वाट सरळ पायऱ्यांची न निवडता वळणावळणाची निवडा. वेलिंग्टनमध्ये याचं चांगलं उदाहरण आहे: केबल कारने पाच मिनिटांत वर केलबर्नला जायचं आणि वनस्पती उद्यानातल्या वाटांनी रमतगमत शहरात उतरायचं. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी मात्र उलट करावं. हळूहळू टप्प्याटप्प्याने चढावं आणि यंत्राने खाली यावं.

शनिवारची चौकट

शुक्रवारी रात्री पोचलात तर काहीही करू नका. फक्त शनिवारच्या भरतीची वेळ, सूर्यास्ताची वेळ आणि वाऱ्याचा अंदाज कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून खिशात ठेवा.

सकाळ उंचीला द्या. समुद्रकाठच्या शहरांत दिवस वर आला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. हे खारे वारे दुपारी जोरात असतात. सकाळी तुलनेने शांतता असते, गर्दी नसते, आणि चढायचं असेल तर ऊनही कोवळं. वर गेल्याचं सार्थक किती होतं याचा हिशेबही मजेशीर आहे: किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं, 100 मीटर उंचीवरून तेच सुमारे 36 किलोमीटरवर जातं. म्हणून शहरातली छोटी टेकडीही पुरते. सर्वांत उंच शिखराचा हट्ट कशाला? त्यात शिखर ढगात असेल तर 36 सोडा, 36 मीटरही दिसत नाही. धुकं असेल तर खालच्या टेकडीवर जा. सकाळी ते फिटेल की नाही हे फोनवरच्या चिन्हापेक्षा त्या शहराच्या थेट कॅमेऱ्यावर चटकन कळतं.

दहा-साडेदहाला उतरायला लागा. उताराच्या वाटेवर जे लागेल ते बघा, जुनी वस्ती, बाग, देऊळ, चर्च, दीपगृह. इथेच बहुतेक शहरांचा खरा चेहरा असतो आणि इथेच आखणी सैल ठेवावी. एखादी गल्ली आवडली म्हणून तासभर गेला तर जाऊ द्या. पण आवडलेली गल्ली वर चढत असेल तर तिच्या तोंडाशीच थांबून आत नजर टाका आणि पुढे चला. ‘फक्त त्या वळणापर्यंत’ म्हणून गेलेली माणसं पुन्हा टेकडीवर सापडतात.

दुपारचं कडक ऊन आणि वारा दोन्ही चुकवायला छताखालचं काहीतरी हवं: संग्रहालय, मत्स्यालय, बाजार. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ही पाणबुडीच संग्रहालय म्हणून उभी आहे. मत्स्यालय असो की पाणबुडी, आठवड्यातल्या सुट्टीचा वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ आधी बघा.

संध्याकाळ किनाऱ्याची, पण कुठल्या? किनाऱ्याचं तोंड कुठे आहे ते होकायंत्रावर बघा. पूर्वेकडे तोंड असलेल्या विशाखापट्टणमला समुद्रातून सूर्योदय होतो आणि सूर्य मावळतो तो डोंगरामागे. अशा किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या बरंच आधी सावली येते आणि गारवा पडतो. तिथे पहाट वाळूला द्या. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर संध्याकाळी जा.

सूर्यास्त टेकडीवरूनच बघायचा असेल तर त्या दिवशीचा चढ तोच, सकाळचा नाही. सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी वर असा. परतीला एक अडचण ठरलेली: सूर्य बुडाला की सगळा डोंगर एकाच वेळी खाली उतरायला रांगेत उभा राहतो. अर्धा-पाऊण तास वरच थांबा, शहराचे दिवे लागलेले बघा, रांग विरळ झाली की निघा. त्याआधी शेवटची फेरी किती वाजता आहे हे फलकावर वाचलेलं असावं. पायी उतरायचा विचार असेल तर टॉर्च लागेलच. विषुववृत्ताच्या जवळ जाल तसा संधिप्रकाश लवकर संपतो, वीस-पंचवीस मिनिटांत पायरी दिसेनाशी होते.

पाण्यात उतरताना

फिरायला आलेल्यांपैकी बहुतेकजण समुद्राला तलाव समजतात. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या किनाऱ्यांवर बऱ्याचदा उतार पाण्याखालीही तसाच चालू राहतो: चार पावलं पुढे टाकली की कंबरभर, आणखी दोन टाकली की पाय टेकत नाहीत. रामकृष्ण बीच तर त्यासाठी बदनाम आहे. लाटा मोठ्या आणि परत जाणाऱ्या पाण्याला जबरदस्त ओढ. तिथे पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका.

पाण्यात जाण्याआधी पाच मिनिटं नुसते उभे राहून बघा. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एका पट्ट्यात पाणी गडद, शांत दिसतंय, फेस आत समुद्राकडे चाललाय, तर तो शांत पट्टा सगळ्यात धोकादायक. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत जात असतं. नवखे नेमके तिथेच उतरतात, लाटा नाहीत म्हणून. या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याचा आटापिटा करू नका, चांगले पोहणारेही त्यात थकतात. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या. जीवरक्षक असतील तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी राखलेला असतो. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. ओल्या काळ्या खडकांवर सेल्फीसाठी चढायचं नाही, कारण खडक ओला आहे याचा अर्थ लाट तिथपर्यंत येऊन गेलेली आहे.

बोटीची सफर सकाळच्या पाळीत घ्या, दुपारच्या वाऱ्यात पोटात ढवळतं. आणि शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, परतीची शेवटची बोट धक्क्यावरच विचारून घ्या.

गाडी आणि बॅग

स्वतःची किंवा भाड्याची गाडी शहरात नको, असं माझं मत. अरुंद चढ, एकेरी रस्ते, पार्किंगची मारामार. घेतलीच तर उतारावर लावताना गियरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चाकं वळवा: गाडीचं तोंड उताराकडे असेल तर फुटपाथच्या दिशेने, चढाकडे असेल आणि फुटपाथला कठडा असेल तर त्याच्या उलट. ब्रेक सुटला तरी चाक कठड्याला अडतं. सॅन फ्रान्सिस्कोत 3 टक्क्यांहून जास्त उतारावर असं न केल्यास दंड होतो.

बॅगेत पकड असलेले बूट हवेत, कारण चपलेत ओला उतार जिवावर येतो. एक पातळ विंडचीटर ठेवा. टेकडीवर तापमान अंश-दीड अंशानेच कमी असतं, पण घामेजल्या अंगावर वारा लागला की हुडहुडी भरते. पाण्याची बाटली, टोपीला बांधायची दोरी, फोनसाठी पॉवर बँक, आणि कॅमेऱ्याच्या काचेवरचे खारे तुषार पुसायला मऊ कापड. बाबागाडी घरी ठेवा, पायऱ्यांच्या शहरात तिचं ओझंच होतं. मुलाला अंगाशी बांधायची झोळी बरी.

रविवार

शनिवारी जे राहिलं ते सगळं रविवारी कोंबायचा मोह होतो. रविवारी चढच ठेवू नका. पाय दुखत असतात आणि डोक्यात परतीची गाडी असते. ओहोटी सकाळची असेल तर सरळ किनाऱ्यावर जा, नसेल तर समुद्रकाठच्या सपाट रस्त्याने चाला किंवा फेरीबोटीने खाडी ओलांडून पलीकडून शहर बघा. आदल्या दिवशी ज्या टेकडीवर होतो ती पाण्यातून कशी दिसते, हे बघायला बोटीसारखी स्वस्त सोय नाही.

खोली सोडायची वेळ आणि गाडीची वेळ यांच्यात बहुधा चार-सहा तास उरतात. सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवायचं की स्टेशनवर, हे शनिवारीच ठरवा. मुक्काम टेकडीवर असेल तर स्टेशनवरच, नाहीतर बॅग आणण्यासाठी पुन्हा चढावं लागेल. स्टेशन किंवा विमानतळाकडे निघायची वेळ काढताना किनाऱ्याचा रस्ता धरू नका, रविवारी संध्याकाळी सगळं शहर तिथेच आलेलं असतं. मागच्या रस्त्याने किंवा लोकल गाडीने जा, आणि त्यातही अर्धा तास जास्तीचा हातात ठेवा.